बाकावरचा ग्रुप आणि रानातली पहिली गोळी

हरणाच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की अमेरिकेतल्या नेमबाजीच्या रेंजवर गर्दी वाढते. सिमेंटच्या बाकावर रायफल, तिच्याखाली वाळूच्या पिशव्या, समोर १०० यार्डांवर कागद. तीन गोळ्या जातात, दीड इंचाचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बसतो आणि रायफल परत पेटीत जाते. एवढ्यावर बहुतेकांची तयारी संपते. या सरावातून रायफल आणि काडतूस यांची जोडी नीट आहे एवढंच कळतं. ती रायफल हातात धरणारा माणूस रानात कितपत नेम धरू शकेल, याचं उत्तर त्या कागदावर नसतं. रानात बाक नसतो, पिशवी नसते, आणि हरीण तुमचा श्वास शांत होईपर्यंत थांबत नाही.

म्हणून या लेखात सराव कुठल्या अंतरावर, कुठल्या बैठकीत आणि कशा क्रमाने करावा ते सांगतो आहे. जखमी होऊन निसटलेलं जनावर दोन-दोन दिवस तडफडतं. ते टाळणं प्रत्येक शिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे, आणि ते रेंजवरच पार पाडता येतं.

आधी कायद्याचं थोडक्यात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी. तिथेही एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. तिला काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकाला ही अट लागू नाही. राज्यांचे नियम याशिवाय वेगळे. न्यू जर्सीत हरणावर रायफल चालतच नाही; छर्ऱ्याची बंदूक, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) किंवा धनुष्य. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात रायफल चालते, पण हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक नाही. ओहायोत रायफलला फक्त सरळ भिंतीची, म्हणजे तोंडाकडे निमुळती न होणारी, काडतुसं. त्या त्या राज्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय रायफल विकत घेऊ नका.

खरं अंतर किती असतं

पेनसिल्व्हेनियातल्या ओक-मेपलच्या जंगलात नजर मुळात ६०-७० यार्डांच्या पलीकडे जातच नाही. तिथे ३० ते ७० यार्ड हे रोजचं अंतर. शेताच्या कडेला बसलात तर १५० ते २००. टेक्सासमध्ये मक्याच्या फीडरसमोर मांडलेल्या खोपटातून साधारण १०० यार्ड, तेही माहीत असलेले, मोजलेले. वायोमिंग, मोंटानाच्या उघड्या माळावर मात्र २५०-३०० यार्डांवर प्रॉन्गहॉर्न (तिथलं माळावरचं हरणासारखं जनावर) उभं दिसतं आणि त्याहून जवळ जायला आडोसा नसतो.

आता यूट्यूबवर काय दिसतं? ८०० यार्ड, १००० यार्ड, लोखंडी पाट्यांवर टणत्कार. तो वेगळा खेळ आहे, त्याचं कौशल्यही मोठं आहे. पण लोखंडी पाटी एक पाऊल पुढे टाकत नाही. .३०८ विंचेस्टर या नेहमीच्या काडतुसाची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २०० यार्ड जायला सुमारे पाव सेकंद घेते. सावकाश चालणारं हरीण, म्हणजे ताशी ३ मैलांनी, तेवढ्यात जवळजवळ एक फूट सरकतं. फुप्फुसांवर धरलेला नेम पोटात जातो. पोटात लागलेलं हरीण मरतं, पण तासांनी, आणि बहुधा तुम्हाला सापडत नाही. म्हणून चालत्या जनावरावर १०० यार्डांपलीकडे बार टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तोंडाने हलकेच 'मॅ' असा आवाज काढला की पांढऱ्या शेपटीचं हरीण बहुतेक वेळा क्षणभर थांबतं. त्या क्षणासाठी चाप तयार ठेवायचा.

झीरो: ज्याच्यावर बाकीचं उभं आहे

झीरो म्हणजे स्कोपचा, रायफलवरच्या दुर्बिणीचा, नेम आणि गोळी ठरावीक अंतरावर एकाच बिंदूवर आणणं. बाकाचा खरा उपयोग इथे आहे, आणि इथे तो पूर्ण करून घ्यावा.

स्कोप बसवताना घाई नको. स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळणं हे झीरो सरकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. इंच-पाउंड दाखवणारा टॉर्क ड्रायव्हर घ्या. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना साधारण १५ ते २० इंच-पाउंड पुरतात. रिंगांखालच्या बेसचा आकडा निर्मात्याच्या कागदावर असतो, तोच पाळा. जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडखळते. नेम सरकवायच्या बटणाचे क्लिक फिरवले तरी गोळी जागची हलत नाही, आणि दोन-तीन बार झाले की अचानक उडी मारते. डोळ्यापासून स्कोपचं अंतर साडेतीन इंचांच्या आसपास ठेवा. ते ठरवताना नोव्हेंबरचा जाड कोट अंगात असू द्या. टी-शर्टमध्ये बसवलेला स्कोप कोटात पाऊण-एक इंच पुढे जातो, चित्राभोवती काळी कड येते आणि मान ताणावी लागते.

सुरुवात २५ यार्डांवर. बोल्ट (मागची सरकती खीळ) काढून नळीतून सरळ टार्गेट बघा, मग रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच ठिपक्यावर आणा. पहिली गोळी कागदावर पडण्याची खात्री झाली. क्लिक पाव मिनिटाचे (कोनाच्या मापातलं मिनिट) असतील तर १०० यार्डांवर ४ क्लिकला १ इंच, पण २५ यार्डांवर त्याच एका इंचाला १६ क्लिक लागतात. इथे गल्लत करून लोक काडतुसांची अख्खी पेटी संपवतात. २५ यार्डांवर गोळी नेमबिंदूच्या अर्धा-पाऊण इंच खाली पडली तर तिथे थांबा आणि १०० यार्डांवर जा. नळी स्कोपच्या दीड इंच खाली असते. गोळी नजरेच्या रेषेला खालून भेटायला येते, म्हणून जवळ ती खाली दिसणारच.

१०० यार्डांवर तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. तीन गोळ्या योगायोगानेही एकत्र बसतात. निदान पाच, जमल्यास दहा मारा, मधून मधून नळी गार होऊ द्या. शिकारीच्या रायफलची नळी बारीक असते, चार-पाच सलग बारांत ती हाताला चटका देण्याइतकी तापते आणि ग्रुप पसरतो. त्या पसरलेल्या ग्रुपवरून स्कोप फिरवत बसलात तर थंड नळीचा झीरो बिघडवून घरी जाल. स्कोप फिरवायचा तो सगळ्या भोकांच्या मध्यावरून, एका चुकार भोकावरून कधीच नाही.

झीरो १०० यार्डांचा ठेवावा की २०० चा? घनदाट जंगलात बसणाऱ्याने १०० ठेवावा. .३०८ ची १५० ग्रेनची नेहमीची गोळी मग २०० यार्डांवर सुमारे ४ इंच खाली पडते आणि ३०० यार्डांवर १४-१५ इंच. २०० चा झीरो ठेवला तर १०० वर ती २ इंच वर, २५० वर ४ इंच खाली, ३०० वर ९ इंच खाली. हरणाचा फुप्फुसांचा भाग ८ इंचांच्या वर्तुळात बसतो, त्यामुळे २०० च्या झीरोवर मधोमध नेम धरला तर २०० यार्डांच्या अलीकडे अंतर मोजत बसायची गरजच नाही. २५० वर गोळी वर्तुळाच्या खालच्या कडेला पोचते, म्हणून तिथे नेम जरा वर. उघड्या मुलखात मी हेच सुचवतो. मात्र हे आकडे तुमच्या रायफलचे नाहीत. नळीची लांबी, काडतूस, हवा, सगळ्यांनी ते थोडे बदलतात. २०० यार्डांवर प्रत्यक्ष कागद लावून पाच गोळ्या मारा आणि जे भोक पडेल ते खरं.

काडतूस बदललं की झीरो नव्याने तपासायचा. एकाच वजनाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या १०० यार्डांवर दोन-तीन इंचांनी वेगळ्या पडू शकतात. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. तिथे तांब्याची वापरावी लागते आणि ती शिशाच्या झीरोवर बसेल असं गृहीत धरू नये. हंगामासाठी एकाच लॉटच्या पाच-सहा पेट्या एकदम घ्या.

कागदी थाळी

आता खरा सराव. किराणा दुकानात मिळणारी ९ इंची कागदी थाळी आणा. तिच्यावर काळं वर्तुळ काढू नका. हरणाच्या अंगावर ठिपका नसतो, नेमबिंदू मनाने ठरवावा लागतो, आणि कोऱ्या थाळीचा मध्य शोधणं हीच त्याची तालीम.

नियम साधे आहेत. थाळी ५० यार्डांवर. रायफल गार, तुम्ही उभे, सेफ्टी लावलेली. मनात ठरवलेल्या क्षणी बैठक घ्या आणि दहा सेकंदांत एक गोळी मारा. मग पुन्हा उभे राहा, पुन्हा तेच. पाचही गोळ्या थाळीत बसल्या तर अंतर २५ यार्डांनी वाढवा. एक जरी बाहेर गेली तर त्या बैठकीतली तुमची मर्यादा आधीच्या अंतरावर. चार बसल्या म्हणून पुढे सरकायचं नाही, कारण बाहेर गेलेली पाचवी गोळी म्हणजे जबडा तुटलेलं किंवा पाय तुटलेलं हरीण.

प्रत्येक बैठकीची मर्यादा वेगळी निघेल आणि निघावीच. सर्वसाधारण सराव असलेल्या माणसाची उभ्याने ५० यार्ड, गुडघ्यावर ७५ ते १००, मांडी घालून बसून १५०, पालथं पडून २५०, अशी काहीशी उतरंड असते. ज्यांना उभ्याने १०० यार्डांची खात्री वाटते त्यांनी थाळी लावून बघावी. हे आकडे वहीत लिहा, तारखेसह, आणि रानात त्यापुढे बार टाकू नका. तिथे थंडी असते, हात कापतात, काळजाचे ठोके वाढलेले असतात, म्हणून रेंजवरच्या मर्यादेतून थोडं वजा करणंच शहाणपणाचं.

दर वेळी रेंजवर गेल्यावरची पहिली गोळी एका वेगळ्या कागदावर मारा आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या खेपेला तोच कागद पुन्हा लावायचा. आठ-दहा खेपांनंतर त्यावर जो ग्रुप दिसेल, तो तुमचा शिकारीचा ग्रुप. थंड नळी, थंड माणूस, पहिली गोळी. साफ करून तेल दिलेल्या नळीतून पहिली गोळी बऱ्याचदा वेगळी पडते, तेही याच कागदावर उघड होतं. तसं दिसलं तर हंगामाआधी नळी साफ केल्यावर दोन-तीन गोळ्या मारून ती 'मळवून' ठेवायची.

बैठका

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने, अशा क्रमाने प्रत्येकी २० गोळ्या पात्रता फेरीत असतात. शिकाऱ्याला लागणाऱ्या बैठका त्याच आणि शिवाय बसून, फक्त खास जाकीट, बूट आणि सावकाश वेळ वजा करा. ज्यांनी महाराष्ट्रात असताना १० मीटर एअर रायफलचे वर्ग केले असतील त्यांचा पाया आधीच पक्का आहे. चाप सावकाश दाबणं आणि गोळी सुटल्यावरही नेम धरून राहणं त्यांना नव्याने शिकावं लागत नाही.

सगळ्या बैठकांना लागू असलेली गोष्ट म्हणजे अंगाचा स्वाभाविक रोख. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. फुली थाळीवरून सरकली असेल तर हातांनी रायफल ओढून परत आणू नका. पाय किंवा बैठकच फिरवा. स्नायूंनी ओढून धरलेली रायफल चाप सुटताना परत आपल्या जागी जाते आणि गोळी तिकडेच जाते.

पालथं पडणं सगळ्यात स्थिर, पण गवत गुडघाभर असेल तर समोर काहीच दिसत नाही. म्हणून बसून नेम धरणं ही सगळ्यात कामाची बैठक आणि सगळ्यात कमी सराव होणारीही तीच. पाय पसरून किंवा मांडी घालून बसा, कंबरेतून पुढे झुका, आणि कोपरं गुडघ्यांच्या पुढच्या उतारावर टेकवा. कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर ठेवलंत तर हाडावर हाड घसरतं आणि फुली गोल फिरत राहते. दंडाचा मागचा मांसल भाग नडगीच्या वरच्या बाजूला टेकला पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर उघडे पाय बरे. गुडघ्यावर बसताना फक्त डावं कोपर टेकलेलं असतं, म्हणून रायफल आडवी डुलते. उजवी टाच नितंबाखाली घट्ट घेतली की ती डुलणी निम्म्यावर येते.

पट्टा नुसता रायफल टांगायला नसतो. डावा हात पट्ट्याच्या आतून घालून बाहेरून एक वेढा देऊन पुढचा लाकडी भाग धरला की पट्टा ताणला जातो आणि रायफल खांद्यात दाबली जाते. बसून आणि गुडघ्यावर याचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. उभ्याने कमी.

तिवई किंवा दोन काठ्यांचं दुबेळकं जवळ ठेवायला लाजू नका. आफ्रिकेतले वाटाडे पाहुण्या शिकाऱ्याला तिवईशिवाय क्वचितच बार टाकू देतात. उभ्याने तिवईवर १०० यार्ड सहज जमतात. पण तिवई उघडून रायफल तिच्यावर ठेवायला किती सेकंद लागतात तेही मोजा. पाय अडकणं, एक पाय आखूड राहणं, हे सगळं रेंजवर होऊन जाऊ द्या. झाडाला टेकवून नेम धरायचा असेल तर नळी कधीही झाडाला लावू नका. नळीची थरथर अडली की गोळी दूर पडते. पुढचा लाकडी भाग टेकवा आणि मध्ये स्वतःचा हात किंवा टोपी ठेवा. कठीण पृष्ठभागावर थेट टेकवलेली रायफल सुटताना उसळते.

मचाणावरून मारायचं असेल तर मचाणावरूनच सराव हवा. २० फुटांवरून ३० यार्डांवरच्या हरणावर गोळीच्या पडण्यात काही फरक पडत नाही, त्याचा बाऊ करू नका. फरक पडतो तो शरीरातून जाणाऱ्या मार्गात. वरून तिरकी शिरलेली गोळी खालून कुठे बाहेर पडेल त्याचा विचार करून नेम थोडा वर धरावा लागतो, म्हणजे दोन्ही फुप्फुसं सापडतात. उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे वळून नेम धरणं सोपं, उजवीकडे जवळजवळ अशक्य. जनावरांची वाट डाव्या अंगाला येईल असं मचाण बांधा, आणि सरावात मुद्दाम उजवीकडच्या थाळीवर डाव्या खांद्यावरून दोन-चार गोळ्या मारून बघा. वर चढताना अंगात पूर्ण हार्नेस हवा. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, आणि ती चढून झाल्यावर दोरीने ओढून घ्यायची.

धसका

बहुतेक चुकलेल्या गोळ्यांमागे वारा नसतो, धसका असतो. धक्का बसणार हे शरीराला आधीच कळतं. मग चाप सुटायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि गोळी खाली, उजव्या हाताच्या माणसाची बहुधा खाली-डावीकडे जाते. हे स्वतःला कळत नाही, कारण बाराच्या आवाजात सगळं झाकलं जातं.

ओळखायचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. दुसऱ्या माणसाला रायफल भरायला सांगा. कधी खरं काडतूस, कधी खोटं, तुम्हाला न दाखवता. खोट्या काडतुसावर चाप ओढताना नळी खाली झुकली की समजायचं. त्यानंतर दहा खोट्यांमागे एक खरं, अशा प्रमाणात खोटं काडतूस वापरत राहा, नळी स्थिर होईपर्यंत. दुहेरी कानसंरक्षण वापरा, आत बोळे आणि वर मफ. धसका निम्मा आवाजाचा असतो. आणि काडतूस निवडताना मोठेपणा नको. .२४३ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर हरणाला पुरेपूर आहे आणि .३०-०६ पेक्षा खांद्याला फार सौम्य. मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीचं काडतूस, घेऊन धसका लावून घेण्यात काहीही शहाणपण नाही. एका खेपेला मोठ्या रायफलच्या २० गोळ्या पुरे. त्यापुढे माणूस फक्त धसक्याचा सराव करतो.

उरलेला सराव .२२ वर, म्हणजे छोट्या, स्वस्त काडतुसाच्या रायफलवर. त्याच धाटणीची बोल्ट रायफल, तसाच स्कोप. ५० यार्डांवर झीरो केलेली नेहमीची ४० ग्रेनची .२२ गोळी १०० यार्डांवर साधारण ६-७ इंच खाली पडते आणि ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्याने ४-५ इंच ढळते. .३०८ ला तोच वारा १०० यार्डांवर १ इंच, २०० वर ४ इंच, ३०० वर ९-१० इंच सरकवतो. म्हणजे १०० यार्डांवरची .२२ तुम्हाला २०० यार्डांवरच्या .३०८ चा वारा शिकवते, तेही अत्यल्प खर्चात. अनेक रेंजवर बाकावरूनच मारायची सक्ती असते. तिथे निदान २५ यार्डांच्या .२२ च्या पट्ट्यावर बसून-उभ्याने मारू देतात का ते विचारा. त्या अंतरावर २ इंची वर्तुळ म्हणजे १०० यार्डांवरचं ८ इंची, आणि १ इंची म्हणजे २०० यार्डांवरचं.

घरी कोरा, म्हणजे रिकाम्या रायफलने, सराव रोज दहा मिनिटं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, रायफल दोनदा डोळ्याने आणि बोटाने तपासलेली, रोख अशा भिंतीकडे जिच्यातून गोळी पार जाणार नाही. बैठक घ्या, फुली ठिपक्यावर, चाप दाबा, आणि 'टक्' आवाजानंतर फुली कुठे आहे ते बघा. मग खांद्यावरून रायफल न उतरवता बोल्ट जोरात मागे-पुढे. ही शेवटची क्रिया फार महत्त्वाची. बार झाल्यावर मान वर करून 'लागली का' बघणारा माणूस दुसरी गोळी वेळेत देऊ शकत नाही. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर पिन आदळणाऱ्या) रायफलला कोऱ्या सरावाने सहसा इजा होत नाही; .२२ ला खोटं काडतूस घालूनच करावा, नाहीतर पिन चेंबरच्या काठावर आपटते.

घरातलं अंतर

स्वसंरक्षणासाठी रायफल ठेवणाऱ्यांचा सराव याच्या उलट बाजूला चुकतो. ते १०० यार्डांवर झीरो करतात आणि तिथेच मारत राहतात. घरातली सगळ्यात लांब सरळ रेषा टेपने मोजा. बहुतेक घरांत ती १० ते १२ यार्डांपेक्षा जास्त भरत नाही.

एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक रायफलवर लाल ठिपक्याची दुर्बीण नळीच्या सुमारे अडीच इंच वर असते. ५० यार्डांवर झीरो केलेली असली तरी ७ यार्डांवर गोळी ठिपक्याच्या दोन-सव्वादोन इंच खाली पडते. ३, ५, ७, १० आणि १५ यार्डांवर कागद लावून प्रत्येकी पाच गोळ्या मारा आणि फरक वहीत लिहा. त्याच कारणाने दाराच्या चौकटीआडून किंवा टेबलावरून बघताना ठिपका मोकळा दिसतो, पण नळी लाकडाकडे असते. शिकारीचा ३-९ (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा) स्कोप घरात वापरायची वेळ आली तर तो ३ वरच हवा. ९ वर खोलीभर अंतरात नुसता धूसर रंग दिसतो. जंगलातही स्कोप ३ वरच ठेवून फिरावं, वाढवायला वेळ मिळतो, कमी करायला मिळत नाही.

अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या, मध्ये पोकळ. रायफलची गोळी अशा अनेक भिंती पार करते. मुलांच्या खोल्या, शेजाऱ्यांची भिंत कुठल्या दिशेला आहेत हे शांतपणे आधी ठरवून ठेवावं लागतं. आणि सगळ्यात आधी ओळख. रायफलवर किंवा हातात टॉर्च नसेल तर अंधारात चाप ओढायचा प्रश्नच येत नाही. रात्री पाणी प्यायला उठलेलं माणूसही सावलीसारखंच दिसतं. सरावात निम्म्या वेळा दिवा लावून, समोर हातात फोन असलेल्या माणसाचं चित्र ठेवून, बार न टाकण्याचाच सराव करा. रायफल कुलपात, आणि कुलूप अंधारात किती सेकंदांत उघडतं तेही घड्याळ लावून बघा.

हंगामाच्या आधी

शेवटच्या खेपेला ज्या कपड्यांत बसणार त्याच कपड्यांत या, हातमोज्यांसकट. जाड मोज्यातलं बोट चापाच्या कड्यात अडकतं किंवा चापावर नकळत दाब देतं; बोटाचं टोक उघडं असलेले मोजे घ्या. श्वासाची वाफ डोळ्याच्या भिंगावर धरते का ते थंड सकाळीच कळतं. तीन गोळ्या पहिल्या-गोळीच्या कागदावर, वीस-वीस मिनिटांच्या अंतराने. पाच थाळीवर बसून, पाच गुडघ्यावर, दोन उभ्याने. एवढंच. बोल्टवरचं जुनं घट्ट तेल पुसून काढा, शून्याखाली ते चिकट होतं आणि पिन आळसाने आदळते. रिंगांच्या स्क्रूंवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा; पुढे रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू ढिला झाला. आणि हंगामात रायफल पडली किंवा गाडीत आपटली, तर त्या दिवशीची शिकार थांबवून आधी कागदावर एक गोळी मारायची, मगच मचाणावर परत जायचं.